एक क कमी

रूपश्री महेंद्रकर आठ वर्षांत पहिल्यांदा सुट्टीवर निघाली, तेव्हा तिच्या खांद्याला कपड्यांची पिशवी होती आणि दोन्ही हातांत मिळून एक वेताची टोपली. टोपलीवर आईच्या जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा गच्च बांधलेला होता. तो तुकडा मधूनच आतून वर उचलला जाई आणि पुन्हा खाली बसे. सुट्टीवर जाताना लोक दुर्बीण नेतात, लोकरीची टोपी नेतात, फारच हौशी असले तर पत्त्यांचा जोड नेतात. रूपानं मांजर नेली. हौसेनं मात्र नव्हे.

शनिवारची दुपार होती. तिकडे मद्रासला वादळ आलं होतं, म्हणून इकडे बेंगळुरात सकाळपासून पिरपिर चालली होती. मार्केटहून कोरमंगला आणि कोरमंगलाहून ही दुसरी बस, सर्जापूर रोडची. ती कोरमंगलाहूनच सुटायची, तरी रूपा पोचेपर्यंत खच्चून भरलेली. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा कन्नड राज्योत्सव होऊन आठवडा झाला होता, पण ड्रायव्हरच्या डोक्यावरची लाल-पिवळी पताका कुणी काढली नव्हती. रूपा गर्दीत मधोमध अडकली आणि टोपली पोटाशी धरून उभी राहिली.

कंडक्टर माणसांतून वाट काढत आला आणि टोपलीशी अडखळला.

"एनम्मा, बुट्टीलि एनिदे?" बाई, टोपलीत काय आहे?

खोटं बोलायलासुद्धा त्राण लागतं, आणि ते तिच्यात उरलं नव्हतं. "बेक्कु," ती पुटपुटली. मांजर.

तिच्या कमरेशीच, कडेच्या सीटवर, पुढच्या दांड्याला कपाळ टेकून एक तरुण गाढ झोपला होता. दाढी वाढलेली, गळ्यात कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र, मांडीवर डबा. त्या एका शब्दासरशी तो खडबडून जागा झाला, तिच्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखा ताडकन उठला.

"सॉरी, सॉरी... कूतकोळ्ळी! कूतकोळ्ळी!" बसा, बसा.

त्याला एवढं सॉरी कशाचं वाटलं ते रूपाला कळलं नाही. पण समोर रिकामी सीट होती आणि तिचे पाय दुखत होते. ती बसली.

"बेक्किगू टिकेट बेकु," कंडक्टर मिशीत हसत म्हणाला — मांजरीलाही तिकीट पाहिजे — आणि त्यानं खरोखरच दोन तिकिटं फाडली. तो तरुण वरच्या दांड्याला लोंबकळत उभ्यानंच पुन्हा झोपला. बस खड्ड्यात गेली की त्याचं डोकं दांड्यावर आपटे, तो डोळे उघडे, रूपाकडे बघून ओशाळं हसे आणि परत मिटे. रूपानं तीनदा ठरवलं की उठून याला जागा द्यावी. तिन्ही वेळा तिचे गुडघे नाही म्हणाले.

एवढं दमायला झालं तरी काय होतं, असं कुणी विचारलं असतं तर तिला धड सांगता आलं नसतं. ती टेलिफोनच्या चौकशी खात्यात होती. दिवसभर कानाला यंत्र लावायचं, लोकांनी नाव सांगायचं, हिनं नंबर द्यायचा. बारा वर्षं लोक मागत होते आणि ती देत होती. घरी तेच, फक्त यंत्राशिवाय. बाबा वासुदेवराव आरामखुर्चीतून "रूपा, काफी" म्हणत. धाकटा भाऊ गिरीधर "अक्का, शर्ट" म्हणे. आई सहा वर्षं अंथरुणावर होती, ती तर काही म्हणतही नसे, नुसती बघे. मधे एक स्थळ आलं होतं. मुलगा बरा होता. त्यांनी विचारलं, आईचं हे असं, मग लग्न कधी? रूपा म्हणाली, थोडं थांबता येईल का? त्यांना थांबता आलं नाही. "चालेल," रूपा म्हणाली.

हा तिचा शब्द होता. चालेल. काफी गार झाली, चालेल. खोली गिरीधरच्या लग्नात त्याला दिली, आपण हॉलमध्ये झोपू, चालेल. आई गेली, तेव्हा सुद्धा भेटायला आलेल्यांना ती म्हणाली होती, "खुर्ची नाही पुरत, मी खाली बसते, चालेल."

आईमागे उरली ती पुट्टी. पुट्टी म्हणजे कन्नडात छोटी. आता तेरा वर्षांची, लठ्ठ, दोन दात शिल्लक. आईच्या पायथ्याशी सहा वर्षं झोपलेली. आता गिरीधरच्या बायकोला, कृष्णवेणीला, सातवा लागला होता आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की घरात मांजर नको. कृष्णवेणीचा काही दोष नव्हता. ती तर सांगताना रडली. गिरीधरनं तोडगा काढला. रूपाच्या मैत्रिणीचं, श्वेताचं, सर्जापूर रोडवर नवं घर होतं. श्वेता बाळंतपणाला पुण्याला गेलेली, नवरा परदेशी. ती किल्ली देऊन म्हणाली होती, "आठ दिवस जा. झाडांना पाणी घाल आणि झोप. बस्स."

"मांजर तू घेऊन जा," गिरीधर म्हणाला. "पुढच्या रविवारी मी स्कूटर घेऊन येतो. तिथून आनेकल जवळ. रघुपतीमामाच्या शेतात तिला सोडू, मग तसंच घरी. चालेल ना, अक्का?"

मामाच्या शेतात चार कुत्रे होते. दोन दातांची मांजर तिथे चार दिवस टिकली नसती, हे गिरीधरला माहीत नव्हतं असं नाही. त्यानं तो विचार केला नव्हता, एवढंच. रूपानं केला होता. आणि तरीही सवयीनं तोंडातून निघालंच, "चालेल."

तर ही अशी सुट्टी.

निलगिरीची झाडं, नाचणीची शेतं आणि मधेच प्लॉटचे दगड रोवलेले, अशा एका थांब्यावर ती उतरली. मागोमाग तोही उतरला. पिरपिरीत ती पुढे आणि दहा पावलांवर तो. ती वळली तिथे तो वळला. आता हिच्या मनात पाल चुकचुकली. फाटकाशी ती थांबली, तर तोही थांबला.

"यारु..." त्यानं आठवून आठवून विचारलं, "यारु बेकु?" कोण पाहिजे?

तेवढ्यात टोपलीनं उत्तर दिलं. मोठ्यानं आणि रागानं.

"अरे बाप्पा!" तो दोन पावलं मागे उडाला. "मांजर आहे होय याच्यात!"

रूपाच्या जिवात जीव आला. "तुम्ही मराठी?"

"नागपूरचा. सुशांत देवतळे. इथे वरच्या खोलीत राहतो." त्यानं जिन्याकडे बोट केलं. श्वेतानं सांगितलं होतंच, वर एक मुलगा राहतो, म्हणजे त्याचं कुलूप राहतं. "पण तुम्ही सांगितलं काहून नाही, मांजर आहे म्हणून?"

"सांगितलं की हो! कंडक्टरला सांगितलं, तुमच्या कानाशीच. बेक्कु म्हणून."

"हो. बेकु. पाहिजे. तुम्हाला सीट पाहिजे, म्हणून तर मी—"

"बेकु म्हणजे पाहिजे," रूपा म्हणाली. "बेक्कु म्हणजे मांजर. दोन क."

तो बघत राहिला. केसांतून पाणी नाकावर ओघळत होतं.

"म्हणजे... मी दोन दिवसांचा जागा... एक तास उभा राहिलो... ते एका 'क'साठी?"

रूपा हसली. चांगली मोठ्यानं हसली, आणि तो आवाज ऐकून स्वतःच दचकली. किती दिवसांनी आला होता तो! "अय्यो, मला वाटलं तुम्ही भले माणूस."

"भला आहेच," तो म्हणाला. "थोडा बहिरा आहे."

---

मांजरीला हवापालट मानवत नाही, हे रूपाला पहिल्याच दिवशी कळलं. टोपली उघडली तरी पुट्टी बाहेर येईना. दूध ठेवलं, मासळीचा तुकडा ठेवला, टोपली आडवी केली. पुट्टी लुगड्याच्या तुकड्यात अंग चोरून बसली आणि परक्या भिंतींकडे पाहत राहिली. रूपाही तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिली. घरात काफी मागणारं कुणी नव्हतं. कपडे नव्हते, डबे नव्हते. सकाळी पाचला तिला आपोआप जाग आली आणि ती ओट्याशी जाऊन उभी राहिली. काय करायचं ते सुचेना, म्हणून तिनं घासलेली भांडी पुन्हा घासली.

सोमवारी सकाळी जिन्यावरून खोकल्याचा आवाज आला. सुशांत पायऱ्यांवरच बसला होता, रुमालानं डोकं बांधून.

"ताप आहे?"

"थोडा. तुमच्या मांजरीपायी भिजलो ना."

रूपा आत वळली. हात आपसूक चालू लागले. मिरी, जिरं, चिंचेचा कोळ. तापाच्या माणसाला मिऱ्याचं सारु, वर मऊ भात, कपाळावर पट्टी, दर चार तासांनी गोळी. सहा वर्षांचा सराव होता. पातेलं गॅसवर चढलं तेव्हा दारात सावली पडली.

"काय करता?"

"सारु करते. तुम्ही जाऊन झोपा. मी वर आणते."

"नका करू."

"मला काही त्रास नाही. चालेल—"

"मला नाही चालणार." तो चौकटीला धरून उभा होता आणि थरथरत होता, पण आवाज ठाम होता. "ताप माझा आहे, सुट्टी तुमची आहे. दोन्ही मिसळू नका. तुम्ही बसा बरं."

तो गेला. वरून पातेलं पडल्याचा आणि नागपुरी भाषेतल्या एका शिवीचा आवाज आला.

रूपा गॅस बंद करून खुर्चीवर बसली. तिला आधी राग आला. मग रडू आलं, ते थांबेचना. तुम्ही बसा. शेवटचं हे तिला कोण म्हणालं होतं? आठवून पाहिलं. बसमध्ये, परवा. तेही यानंच, कन्नडात. रडून झाल्यावर ती बिछान्यावर पडली आणि दुपारी तीन वाजेपर्यंत झोपली. आठ वर्षांतली पहिली झोप.

उठली तेव्हा टोपली रिकामी होती.

तिनं पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, निलगिरीच्या झाडांपर्यंत जाऊन "पुट्टी, पुट्टी" करून आली. मग वरून हाक आली, घोगरी.

"अहो! तुमची मांजर इकडे झोपून राहिली!"

ती धावत जिना चढली. सुशांत चादरीत गुरफटून पडला होता आणि त्याच्या पायथ्याशी, नेमकी पायांवर, पुट्टी गोल होऊन झोपली होती. आजाऱ्याचा पायथा तिला बरोबर सापडला होता. रूपा दारातच थांबली. आईचा पलंग आठवला.

"झोपून राहिली कुठली," ती सावरून म्हणाली. "आली, तशी खाली जाईल."

"आमच्याकडे 'झोपून राहिली' म्हणजे झोपलीय."

"मग राहणार नाही?"

"ते तिला विचारा," तो डोळे मिटून म्हणाला. "मी हललो नाही दीड तास. पाय मेलेत माझे. पण बाई झोपल्या आहेत ना..."

त्याच क्षणी, रूपानं पुढे कबूल केलं, काहीतरी झालं. तेव्हा मात्र ती नुसती म्हणाली, "स्वल्प मीठ घातलंत का भातात?" आणि उत्तराची वाट न पाहता खाली उतरली.

---

मंगळवारी ताप उतरला. सुशांतला कंपनीनं आठवडा संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं; एकाचा खोकला साऱ्या मजल्याला लागला असता. मग दोघंही जिन्यावर बसू लागली. तो वरच्या पायरीवर, ती खालच्या. मधल्या पायरीवर पुट्टी. कुणाशीच धड न लागता दोघांकडे पाठ करून.

"तुम्ही करता काय तिथे, कोरमंगलात?" तिनं एका संध्याकाळी विचारलं.

"एकोणीस लिहितो."

"म्हणजे?"

"यंत्रांमध्ये साल दोनच आकडी असते. अठ्ठ्याण्णव. त्याच्या आधी एकोणीस टाकायचं. दिवसभर. आम्ही चाळीस जण. नाहीतर दोन हजार साली यंत्रांना वाटेल, एकोणीसशे साल आलं."

"मग काय होईल?"

"तुम्ही जन्मलेल्याच नसाल."

"बरं होईल," रूपा म्हणाली. "झोप तरी होईल."

तो हसला, पण लगेच थांबला. "मी असताना नका हो असं म्हणू."

समोर पिरपिर थांबली होती आणि लाल मातीचा वास येत होता. ओल्या हवेत त्याच्या चादरीचा, कापुराचा आणि मिऱ्याचा वास वेगळा कळत होता. त्यानं अखेर स्वतः सारु केलं होतं. ते इतकं वाईट झालं होतं की दोघांनी पुट्टीला दिलं आणि पुट्टीनं हुंगून तोंड फिरवलं.

"गाळलेली अक्षरं शोधायचं तुमचं कामच," ती थोड्या वेळानं म्हणाली. "आणि एवढा मोठा 'क' गाळलात?"

"तोच एक गाळला, आणि नोकरीतली सगळी बरोबर अक्षरं मिळून जेवढं मिळालं नाही तेवढं मिळालं." मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यानं घाईघाईनं पुट्टीच्या पाठीवर हात ठेवला. त्याच वेळी रूपाचाही हात तिथे आला. बोटं लागली. दोघांनीही हात काढले नाहीत... पुट्टीनं मात्र कंटाळून जागा बदलली, आणि मग दोन हात नुसतेच पायरीवर उरले.

"रविवारी काय?" शुक्रवारी त्यानं विचारलं.

"रविवारी गिरीधर येईल. माझा भाऊ." तिनं आनेकलचं सांगितलं. शेताचं सांगितलं. कुत्र्यांचं सांगताना तिचा आवाज चौकशी खात्यातला झाला, सपाट.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"चालेल म्हणाले."

"खरंच चालेल?"

रूपानं हे स्वतःला विचारलंच नव्हतं. बारा वर्षांत लाखभर लोकांनी तिला काय काय विचारलं होतं, पण हा प्रश्न कधी कुणाचा आला नव्हता.

"माझ्याकडे राहू द्या तिला," तो म्हणाला.

"नको हो. तुम्हाला कशाला त्रास? तुम्ही घरी कधी असता तरी?"

"ते माझं मी पाहीन. सात वाजता घरी येणारी माणसंही असतात कंपनीत, मी पाहिली आहेत. पण..." तो पायरीवरचा पोपडा नखानं काढत राहिला. "पण तुमच्या भावासमोर मी मागणार नाही. मी मागितली तर तुम्ही 'चालेल' म्हणाल. आणखी एकाला. मला तुमचं चालेल नको. तुम्हाला ती हवी असेल, तर तुम्ही म्हणा. मग पुढचं माझं."

"एवढं काय त्यात?"

"एवढंच आहे त्यात, रूपा."

अहो-जाहो तशीच होती, पण नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. ती उठली, टोपली उचलली आणि आत गेली. शनिवारी ती वर गेली नाही, तोही खाली आला नाही. पुट्टी तेवढी सहा वेळा वर-खाली करून आली आणि शेवटी दमून मधल्या पायरीवरच झोपली.

---

रविवारी दहाला गिरीधरची स्कूटर फाटकाशी आली. हा मनानं चांगला मुलगा होता. बहिणीसाठी वाटेत गरम इडली-वडा बांधून आणला होता, मांजरीसाठी दूध आणलं होतं.

"अक्का, चेहरा सुधारलाय की तुझा! चल, आवर. मामा वाट बघतोय. बाबांनी दुपारच्या काफीच्या आत ये म्हणून सांगितलंय."

रूपानं पुट्टीला उचलून टोपलीत ठेवलं. पुट्टी विरोध न करता बसली. तिचीही सवयच होती. रूपानं वर लुगड्याचा तुकडा घातला आणि बांधायला टोकं हातात घेतली. सुशांत जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. खाली येत नव्हता, बोलत नव्हता.

"बांध की," गिरीधर म्हणाला. "काय झालं? चालेल ना?"

शब्द जिभेवर आला. नेहमीच्या वाटेनं, न बोलावता, आला. रूपाला त्याची चव कळली. गार काफीची होती. आणि एकदम तिला इतका थकवा आला की आता हा एक शब्दही उचलवणार नाही असं वाटलं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"नाही चालणार, गिरी." तिनं टोकं सोडून दिली. "ती आनेकलला जायची नाही. कुत्रे आहेत तिथे. ती आईची आहे. आणि... मला हवी आहे ती. मला पाहिजे."

गिरीधर बघतच राहिला. त्याच्या आठवणीत अक्का पहिल्यांदा काहीतरी मागत होती, आणि त्याला ते कसं द्यायचं तेच माहीत नव्हतं. "अगं, पण वेणीचं... बाळ येणार... घरी कशी न्यायची?"

"घरी नाही नेत. इथे राहील. मी दर रविवारी येईन."

"इथे? इथे कुणाकडे?"

जिन्यावर धाड धाड पावलं वाजली. सुशांत तीन-तीन पायऱ्या गाळत खाली आला आणि गिरीधरसमोर उभा राहिला. दोन दिवस पाठ केलेलं वाक्य होतं; मराठी माणसाशी ते कन्नडात बोलायचं कारण नाही हे त्या घाईत त्याला सुचलंच नाही.

"ननगे..." मला, "ननगे... बेकु बेकु!"

गिरीधरनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हे कोण? आणि ह्यांना काय पाहिजे-पाहिजे?"

रूपाला हसू फुटलं. "वर राहतात. सुशांत. त्यांना म्हणायचंय, बेक्कु बेकु. मांजर पाहिजे. त्यांचा एक क नेहमी पडतो."

"या वेळी पडला नाही," सुशांत म्हणाला. मराठीत, हळू, आणि आता गिरीधरकडे बघतही नव्हता. "मांजर पाहिजेच. पण मी म्हटलं ते बरोबर म्हटलं."

निलगिरीतून वारा गेला. गिरीधर एकदा याच्याकडे, एकदा अक्काकडे बघू लागला. तो हुशार नव्हता, पण एवढाही भोळा नव्हता. त्यानं खाकरून घसा साफ केला, इडलीचा पुडा मधल्या पायरीवर ठेवला आणि म्हणाला, "मी... स्कूटर फिरवून उभी करतो. सरी? ठीक आहे?"

स्कूटर फिरवायला एवढा वेळ कुणालाच लागत नाही. त्यानं लावला.

"भावासमोर मागणार नाही म्हणाला होतात," रूपा म्हणाली. नजर टोपलीवर होती.

"मांजर. मांजर मागणार नाही म्हणालो होतो."

"मला घरी जावंच लागेल हो. बाबा आहेत. वेणीचं बाळंतपण आहे. मी काही लगेच..."

"मी कुठे लगेच म्हणतोय? मला एक तास उभं राहायची सवय आहे."

"मी तुमच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. श्वेतानं सांगितलंय मला तुमचं वय."

"यंत्रात साल बदलून देतो. त्याच कामाचा पगार आहे."

ती हसली, आणि हसतानाच डोळ्यांत पाणी आलं. थकवा तसाच होता, कुठे गेला नव्हता. पण त्याच्या तळाशी काहीतरी नवं होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं. तिनं टोपली उचलून त्याच्या हातात दिली. पुट्टीनं डोकं बाहेर काढलं, दोघांना पाहिलं आणि पुन्हा लुगड्यात घातलं.

"दूध कोमट द्यायचं. मासळीतले काटे काढायचे. आणि पाय हलवायचे नाहीत झोपल्यावर."

"नाही हलवणार."

गिरीधरनं हॉर्न दिला, अगदी लहानसा. रूपा स्कूटरवर मागे बसली, पदर खोचला. फाटकापर्यंत सुशांत टोपली धरून सोबत आला.

"पुढच्या रविवारी येशील ना?" त्यानं विचारलं. 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. "मांजरीसाठी?"

रूपानं त्याच्याकडे सरळ पाहिलं. स्कूटर सुरू झाली, त्या आवाजात तिला जरा मोठ्यानंच बोलावं लागलं.

"बेकु," ती म्हणाली.

"अगं, एक क पडला!" तो ओरडला.

"पडला नाही," तिनं वळून ओरडून सांगितलं. "मीच काढला!"